सेकंड हँड पिकअप घेताना: टोकन देण्याआधी गाडीखाली शिरा

वाशीच्या एपीएमसीतून पहाटे भाजी उचलायची आणि सात वाजायच्या आत माजिवडा, मानपाडा, कोलशेतच्या दुकानांवर टाकायची, या कामासाठी आम्हा भावांना पिकअप हवी होती. नवी १.७ टनी बोलेरो पिकअप बजेटच्या बाहेर होती, म्हणून २०१८ ते २०२१ मधली जुनी बघायची आणि सहा लाखांच्या वर जायचं नाही असं ठरलं. दिवाळीनंतर शोधायला लागलो, गाडी नावावर व्हायला फेब्रुवारी उजाडला. जुनी कार कशी बघायची हे सांगणारे खूप भेटतात. मालवाहू गाडीचं नाव काढलं की मात्र ‘इंजिन बघून घ्या’ एवढंच ऐकायला मिळतं. म्हणून काय काय तपासलं आणि का, ते क्रमाने लिहितोय.

सुरुवात मालापासून करा. किलोमीटर किती झाले याआधी ‘गाडी कोणत्या लायनीला होती’ हे विचारा. पिकअपचं नुकसान कुठे लपलंय हे ती काय वाहत होती यावरून बरंचसं कळतं. मासळीच्या गाडीत बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या सांध्यांतून रोज चासीवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) ठिबकतं. क्रॉस मेंबरचे (चासीच्या आडव्या पट्ट्यांचे) कोपरे आणि मागे जाणारा ब्रेकचा पाइप आतून खाल्लेला असतो. कळंबोलीहून सळया आणि अँगल वाहणाऱ्या गाडीत माल फाळक्याच्या बाहेर लोंबकळतो, वजन मागच्या एक्सलच्याही मागे पडतं आणि लाँग मेंबर (चासीचा लांब बीम) मागच्या हँगरपाशी, म्हणजे स्प्रिंगचे पाटे चासीला टांगतात तिथे, खाली झुकतो. पाण्याचे जार वाहणारी गाडी वजनाने फार दमत नाही, पण हौदा कायम ओला राहतो आणि दर दोनशे मीटरला थांबून क्लच संपतो. तळोज्याच्या कंपन्यांचे केमिकलचे ड्रम असतील तर सांडलेल्या ॲसिडने पत्रा पातळ झालेला असतो. भिवंडीच्या गोडाउनमधून कुरिअरचे बॉक्स वाहणारी गाडी वरून तुळतुळीत दिसते, चासीही सरळ असते. तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र खूप पळालेले असतात. रेती, डेब्रिज आणि विटांच्या गाड्या आम्ही बघायलाच गेलो नाही.

मालक सांगतो त्यावर थांबू नका. हौद्याचे कोपरे आणि फाळक्याच्या बिजागऱ्या रंगवणारा सहसा खरवडत नाही. तिथे स्क्रू ड्रायव्हर फिरवला की सिमेंटची खपली, मिठाचा पांढरा थर किंवा सळयांनी पडलेल्या लांब खाचा सापडतात.

गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागून घ्यायचा आणि एम परिवहन ॲपवर टाकायचा. पहिली नोंदणी कधीची, मालक कितवा, फिटनेस, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, कर्जाचा बोजा कुणाचा, ब्लॅकलिस्टमध्ये आहे का, हे घरबसल्या कळतं. थकलेली चलनं महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर वेगळी बघायची. मालवाहू गाडीचा फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावा लागतो. तो संपून सहा महिने झाले असतील तर आधी मालकाला पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) करून द्यायला सांगा, कारण ब्रेक, लाइट, रिफ्लेक्टर टेप, स्पीड गव्हर्नर हा सगळा खर्च तिथे बाहेर येतो. ‘पासिंग तुम्ही करून घ्या, दहा हजार कमी करतो’ असं कुणी म्हणालं की ते दहा हजार पुरणार नाहीत असं धरून चाला. गाडी आठ वर्षांची झाली की पर्यावरण करही लागतो, तो भरलाय का तेही विचारा. मालासकट एकूण वजन ३००० किलोच्या वर असेल तर परमिट लागतं, त्याची तारीखही बघा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर तिला एचएसआरपी (सरकारी सुरक्षा नंबर प्लेट) बसलेली हवी. नव्या प्लेटचे लॉक एकदाच बसतात. त्यांच्या जागी साधा स्क्रू दिसला तर प्लेट का काढली होती ते विचारा.

दुसरी गाडी बघितली तेव्हा नंबरच्या तपासणीनेच वाचवलं. नंबर एमएच-१०, म्हणजे सांगलीची गाडी, उभी कळंबोलीत, किंमत बाजारभावापेक्षा साठ हजारांनी कमी. मालकी २०१९ च्या शेवटी बदललेली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला होता, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड बुडालं होतं. तिथे पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसरीकडे विकल्या जातात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालक बदलला तरी जुना नंबर तसाच राहतो, त्यामुळे पूर आलेल्या भागाचा नंबर आणि पुरानंतर लगेच बदललेला मालक असं दोन्ही जुळलं की जास्त बारकाईने बघायचं. अर्थात दूरच्याच नंबरवर संशय घेऊन भागत नाही. जुलै २०१९ मध्ये बदलापूरलाही पाणी भरलं होतं, आणि २६ जुलै २००५ इथे कुणाला सांगायला नको.

बुडालेली गाडी ओळखायची खूण गालिच्यात शोधू नका, तो बदललेला असतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. रोज वापरात न येणारा शेवटचा हातभर पट्टा मळकट असेल आणि त्यावर सरळ आडवी रेघ असेल तर पाणी तिथपर्यंत होतं. फ्यूज बॉक्सचं झाकण काढा, दोन कनेक्टर सोडवून पिना बघा. पाणी गेलं असेल तर तांब्यावर हिरवट थर चढलेला दिसतो. सीटखालचे बोल्ट आणि हेडलाइटच्या आतला खालचा कोपरा टॉर्च मारून बघा. सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे डिफरन्शियल, मागच्या एक्सलच्या मधला गिअरचा गोळा. त्याचा भरायचा बोल्ट उघडून आत बोट घातलं की तेल बोटावर येतं. चांगलं तेल काळपट किंवा मधाळ असतं. पाणी गेलं असेल तर ते दुधाच्या चहासारखं दिसतं. त्या सांगलीच्या गाडीचं तसंच निघालं. मालकाने ‘पावसाचं गेलं असेल’ म्हटलं. ब्रीदर (त्याची हवा जायची नळी) तुटला असेल तर पावसाचंही जातं हे खरं, पण सीटबेल्टवर रेघही होती. आम्ही निघून आलो.

जी गाडी शेवटी घेतली ती तुर्भ्याला ट्रक टर्मिनलजवळ उभी होती. २०१९ ची बोलेरो पिकअप, एमएच-४३, दुसरा मालक, कामाला प्लायवूड आणि फर्निचर. मागणी ५ लाख ९० हजार. तिथून पुढची तपासणी सविस्तर सांगतो.

मालकाला आदल्या रात्री फोन करून ठेवला, ‘दादा, आम्ही साडेसहाला येतो, तोवर गाडी चालू करू नका.’ पोहोचल्यावर आधी बॉनेटवर आणि सायलेन्सरवर हात ठेवला. गरम इंजिनमध्ये खराब ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू होताना आतून तापवणारे), झिजलेले इंजेक्टर, कमी कॉम्प्रेशन हे सगळं झाकलं जातं. थंड डिझेल इंजिन दोन-तीन सेकंदांत सुरू व्हायला हवं. सुरू होताना थोडा धूर चालतो. मिनिटभरानंतरही निळा येत असेल तर ऑइल जळतंय, पांढरा आणि वासाला गोडसर असेल तर कूलंट आत जातंय. इंजिन गरम झालं की ऑइल भरायचं झाकण सोडवून तिथेच उलटं ठेवायचं. हलकं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल आणि धूर ठसक्याने बाहेर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, म्हणजे इंजिनचं काम निघालं. कूलंटच्या बाटलीत तेलाची साय आहे का ते इंजिन थंड असतानाच बघून घ्यावं, नंतर झाकण उघडू नये. बीएस ६ (नव्या प्रदूषण मानकाची) गाडी असेल तर आणखी एक गोष्ट: चावी फिरवली की इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर दिवाच काढून टाकलेला असतो. स्कॅनर लावणारा पाचशे रुपये घेतो, ते द्यावेत. बीएस ६ डिझेलचा सायलेन्सर आतून काजळीने काळाकुट्ट असेल तर धूर गाळणारा फिल्टर पोकळ केलाय असं समजा.

केबिनला रंगाची जाडी मोजणारा पेंट मीटर लावला. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, त्यावर पुन्हा मारला तर २००-३०० च्या पुढे, पुट्टी असेल तर त्याच्याही कितीतरी वर. डावा दरवाजा २८० निघाला. त्याची मला फार काळजी वाटली नाही. ठाण्याच्या गल्ल्यांत फिरलेल्या मालवाहू गाडीचा दरवाजा पहिल्या रंगात राहणं अवघडच. काळजी करायची ती पिलरची, म्हणजे केबिनच्या उभ्या खांबांची. दरवाजाचा रबर बीडिंग खेचून खाली बघा. कंपनीचे स्पॉट वेल्ड सारख्या अंतरावर, गोल, किंचित खोल असतात. तिथे सलग वेल्डिंग किंवा ग्राइंडरच्या रेघा दिसल्या की केबिन कापून जोडलेली आहे. चारही काचांवरची साल-खूण एकमेकींशी जुळते का तेही बघून टाकायचं.

आता गाडीखाली. यासाठी जवळच्या वॉशिंग सेंटरचा रॅम्प अर्ध्या तासाला ३०० रुपयांनी घेतला आणि सोबत ओळखीचे मेस्त्री नेले, त्यांचे २००० रुपये. त्यांनी आधीच सांगितलं होतं, ‘भाऊ, इंजिन मी लाखभरात उभं करून देतो. लाँग मेंबर वाकलेला निघाला तर मला विचारू नका, घेऊच नका.’

पहिला चासी नंबर. बहुतेक पिकअपना तो उजव्या लाँग मेंबरवर पुढच्या चाकाजवळ ठोकलेला असतो. वायर ब्रशने माती काढा, वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासा. असा प्रिंट पुढे ट्रान्स्फरच्या कागदांनाही लागतो, त्यामुळे दोन-तीन काढून ठेवा. कागदावर सतराही अक्षरं एका रेषेत, एका उंचीची, एकाच खोलीची उमटली पाहिजेत. एखादं अक्षर फिकट, एखादं खोल, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे, किंवा नंबराभोवती चौकोनी वेल्डिंग दिसलं तर तिथेच थांबा. महिंद्राचा नंबर ‘एमए१’ने सुरू होतो, टाटाचा ‘एमएटी’ने, अशोक लेलँडचा ‘एमबी१’ने. दहावं अक्षर सालाचं: जे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१. आरसीवरचं साल आणि हे अक्षर ताडून बघा. डिसेंबरात बनून जानेवारीत नोंदवलेली गाडी एका वर्षाने मागे दिसेल, तेवढं चालतं.

मग दोन्ही लाँग मेंबर पुढून मागे बोटांनी चाचपत जायचं. ताजा काळा रंग फक्त एखाद्या फूटभर भागातच असेल तर तो भाग खरवडायला परवानगी मागा. चिरा पडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: केबिन संपून हौदा सुरू होतो तिथे, मागच्या पाट्यांच्या हँगरभोवती, आणि क्रॉस मेंबर जिथे रिव्हेटने धरलाय तिथे. सैल झालेल्या रिव्हेटभोवती लालसर भुकटीची रेघ खाली ओघळलेली दिसते. संशय आला तर तो भाग पुसून त्यावर रॉकेल लावायचं, दहा मिनिटांनी कोरडं पुसून खडू घासायचा आणि हातोडीने बाजूला ठोकायचं. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर बारीक काळी रेघ होऊन उमटतं. रॉकेल मिळालं नाही तर डिझेलनेही होतं. लाँग मेंबरला आतून पट्टी मारलेली असेल तर मालक म्हणेल ‘मजबुतीसाठी मारलीय’. ज्या गाडीवर क्षमतेपेक्षा जास्त माल लादला जात नाही तिला अशा मजबुतीची गरज पडत नाही.

चासी सरळ आहे का हे मेस्त्री डोळ्याने सांगतात. आम्ही ते मोजूनही घेतलं. सपाट कोब्यावर गाडी उभी केली, गवंड्याचा ओळंबा घेतला. केबिनच्या मागच्या माउंटिंगचे दोन बोल्ट आणि मागच्या पाट्यांचे मागचे दोन हँगर, अशा चार जागांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने फुल्या मारल्या, गाडी पुढे घेतली आणि फुल्यांची दोन्ही कर्णं टेपने मोजली. दोन-तीन मिलिमीटर फरक हा मोजण्यातलाच असतो. पाच-सहा आला तर पुन्हा मोजा. दहाच्या वर गेला तर चासीला पीळ आहे किंवा ती ठोकून सरळ केलेली आहे, आणि अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी टायर खात राहते. आमचा फरक ३ मिलिमीटर निघाला. तेव्हा कुठे छातीवरचं ओझं उतरलं, कारण तोवर गाडी मनात भरली होती.

पाटे दोन्ही बाजूंचे मोजा. एका बाजूला एक जास्त असेल तर ती बाजू बसली होती. दोन्ही बाजूंना कंपनीपेक्षा जास्त असतील तर गाडी सतत ओव्हरलोड चालली आहे. त्याहून खरी साक्ष देतो तो एक्सलच्या वरचा रबरी बंप स्टॉप; तो फाटून चेपलेला आणि चासीवर एक्सल आपटल्याच्या चकचकीत खुणा असतील तर मालकाने वजनाबद्दल काहीही सांगितलं तरी उपयोग नाही. शेवटी डावीकडे पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेप लावा, मग उजवीकडे. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला असेल तर एक्सल सरकतो आणि दोन्ही मापं जुळत नाहीत. आमच्या गाडीत मापं जुळली, पण मागच्या शॅकलचे बुश (पाट्यांच्या टोकाच्या सांध्यातले) संपलेले होते आणि गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या एका क्रॉसमध्ये (सांध्यात) प्ले, म्हणजे ढिलेपणा, होता. चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवलं तर बेअरिंगचा, डावी-उजवीकडे हलवलं तर टाय रॉडचा ढिलेपणा हाताला कळतो. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात: ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. मागचे दोन त्याच सालचे होते, म्हणजे बदलायचेच.

रिकामी पिकअप चालवून बघण्यात फार अर्थ नाही. मालकाशी बोलून आम्ही सिमेंटच्या वीस गोण्या, म्हणजे एक टन, ओळखीच्या दुकानातून भरून घेतल्या. हमालीचे ८०० रुपये गेले. भरण्याआधी आणि भरल्यावर मागच्या दोन्ही मडगार्डची जमिनीपासूनची उंची मोजली. दोन्ही बाजू सारख्याच खाली बसल्या पाहिजेत. मुंब्रा बायपासच्या चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढते का, चढावर गिअर आपोआप बाहेर फेकला जातो का, इंजिनचा आवाज वाढूनही वेग वाढत नाही का हे बघितलं. शेवटचं जाणवलं, म्हणजे क्लच प्लेट घसरत होती. उतारावर मोकळा रस्ता बघून ब्रेक मारला, गाडी एका बाजूला ओढली नाही. भाऊ मागून बाइकवर येत होता. त्याचं काम एकच, मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत धावतात का ते बघायचं. तिरकी धावणारी गाडी मागून लगेच कळते. खाली आल्यावर चारही चाकांच्या ब्रेकजवळ हात नेऊन बघितला (टेकवू नका, भाजतं), एखादाच जास्त तापला असेल तर ब्रेक धरून राहतोय. पाच मिनिटं उभी करून खाली पुठ्ठा सरकवला आणि गळती बघितली. टेस्टला नेण्याआधी विमा चालू आहे याची खात्री मात्र हवी.

मालकाकडे फास्टॅगचं स्टेटमेंटही मागा. कोणत्या नाक्यांवरून किती वेळा गाडी गेली ते त्यात असतं, त्यावरून मीटरचे किलोमीटर पटतात की नाही ते कळतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर सांगितला तर जुन्या जॉबकार्डवरची किलोमीटरची नोंदही कधीकधी सांगतात.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी खर्च लिहून दिला: क्लच सेट मजुरीसकट १२ हजार, मागचे दोन टायर १६ हजार, शॅकल बुश आणि क्रॉस ५ हजार, ब्रेक लायनर ४ हजार. कागद मालकासमोर ठेवला. नुसतं ‘कमी करा’ म्हणण्यापेक्षा पार्टचं नाव आणि दर सांगितला की बोलणं सरळ होतं. सौदा ५ लाख ४५ हजारांवर ठरला. तपासणीला सगळे मिळून साधारण चार हजार गेले.

टोकन फक्त १० हजार दिलं, तेही ऑनलाइन आणि ‘बोजा उतरल्याशिवाय उरलेली रक्कम नाही’ असं लिहून. आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव अजून होतं, हप्ते संपले होते. एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात यायला तीन आठवडे लागले. वाट बघायचा कंटाळा येतो, मालक रोज फोन करून उरलेले पैसे मागतो, तरी इथे ढिले पडू नका. बोजा असताना गाडी नावावर होत नाही. फायनान्सच्या एनओसीला मुदत असते, साधारण तीन महिने, म्हणून ती मिळाली की लगेच पुढचं काम करा. मग फॉर्म २९ (विक्रीची सूचना) च्या दोन प्रती, फॉर्म ३० (मालकी बदलाचा अर्ज), चासी प्रिंट, विमा, पीयूसी, दोघांचे आधार-पॅन, आणि वाशी आरटीओची गाडी ठाण्याला यायची म्हणून फॉर्म २८ ची एनओसी. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

ताबा घेताना तारीख आणि वेळ घातलेली डिलिव्हरी नोट दोघांच्या सहीने करा, म्हणजे त्याआधीचं चलन किंवा अपघात तुमच्या माथी येत नाही. आरसीवर नाव येईपर्यंत विम्यासाठी थांबू नका. ताबा घेतल्यापासून १४ दिवसांत कंपनीकडे विमा आपल्या नावावर करायचा अर्ज द्या. थर्ड पार्टी आपोआप येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अर्ज दिला नसेल तर अडतो. मालकाला त्याचा जुना फास्टॅग बंद करायला लावा आणि काचेवरून तो काढल्यावरच नवा चिकटवा.